ओल्या मिरचीचा तराजू

ज्या जिन्याला कठडा नाही, अशा जिन्याच्या वरच्या टोकाला मी राहतो. हे विधान मी यापूर्वी अनेक पत्रांतून, अनेक अधिकाऱ्यांकडे केलेले आहे. येथे ते पुन्हा करतो, कारण ज्या गृहस्थांविषयी मला लिहायचे आहे, त्यांचा सगळा स्वभाव त्या नसलेल्या कठड्यात सामावलेला आहे. जिना बाहेरून आहे, दगडी आहे आणि दोन्ही बाजूंनी उघडा आहे. मी भाडेकरू म्हणून राहायला आलो तेव्हा माझे गुडघे शाबूत होते, आणि घरमालक मला म्हणाले होते, "कठडा लावनाच शे, भाऊसाहेब. पन चढताना उजवा हातले जोयजे, का उतरताना उजवा हातले जोयजे, हाई एक डाव ठरू द्या."

माझे गुडघे गेले. ते अजून ठरलेले नाही.

दोन्ही बाजूंना कठडा लावा, असे मी लेखी सुचवले होते. त्यावर त्यांनी सांगितले की दोन कठडे असले तर कोणता धरावा या विचारात माणूस मधल्या पायरीवर उभा राहील आणि पडेल. ही शंका अन्य कोणाच्या बाबतीत हास्यास्पद ठरली असती. त्यांच्या बाबतीत ती अनुभवाची होती. अखेर मी स्वतः वरच्या खिळ्यापासून खालच्या खांबापर्यंत एक दोरी बांधली, आणि आजही तिला धरून उतरतो.

घरमालक नंदुरबारच्या बाजारातले मिरचीचे जुने अडते. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही म्हणत असे. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये हे. आयुष्यभर दोघांचेही म्हणणे ऐकून घेणे हाच त्यांचा धंदा. बाजारात हे शोभत होते, कारण सौदा शेवटी ते दोघे करत, शेठ फक्त मान हलवत. अडचण अशी झाली की घरीही ते मध्येच उभे राहिले, आणि घरी सौदा करायला दुसरे कोणी नव्हते.

देह किरकोळ, टोपी पांढरी, आवाज मऊ. मिरचीच्या धुळीत त्यांना कधी शिंक येत नसे. स्वच्छ हवेत येई. एकदा आम्ही काही जण तोरणमाळला गेलो होतो. घाट चढून वर पोहोचल्यावर सर्वांनी छाती भरून श्वास घेतला, आणि शेठ जे शिंकू लागले ते खाली उतरेपर्यंत थांबले नाहीत. बाजारपेठेत पाऊल ठेवताच त्यांचे नाक पूर्ववत झाले. "हवा चांगली ऱ्हास, हाई खरं शे," ते नाक पुसत म्हणाले, "पन दोन्हीकडनं देखनं पडस."

हे त्यांचे आवडते वाक्य. छत्री घ्यावी की नाही, यावर ते हेच म्हणत, आणि विचार संपेपर्यंत ऊन पडलेले असे. मत कोणाला द्यावे, यावरही हेच म्हणत, आणि केंद्राचे दार लागल्यावर परत येत. न्यायालयात विलंब होतो, हे मी मान्य करतो. तेथील नोकरीतच माझे आयुष्य गेले. परंतु न्यायालयात विलंबाला निदान पुढची तारीख मिळते. शेठकडे तारीखही मिळत नसे.

म्हसावदला त्यांच्या मावसभावाच्या मुलीचे लग्न होते. बसने जावे की जीपने, याचा त्यांनी सकाळपासून विचार मांडला. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पिशवी उचलून सरळ बसमध्ये बसल्या. शेठ पोहोचले तेव्हा मांडवाच्या कापडाची घडी होत होती. आणलेल्या अक्षता वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या मांडव सोडणाऱ्या कामगाराच्या डोक्यावर टाकल्या. तो भला माणूस होता, त्याने वाकून नमस्कार केला. वहिनी परतीच्या बससाठी फाट्यावर उभ्या होत्या. जमलेल्या बायकांना त्या म्हणाल्या, "मी जेवन करं, आहेर दिना, नवरी वाटे लावी. आनि ह्या मोठा मानूस आते ई ऱ्हायनात!"

येथवर सर्व हसण्यासारखे होते, आणि मी हसलोही. पुढचे हसण्यासारखे नव्हते.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला सुरतेत मसाल्याचे दुकान टाकायचे होते. जागा मिळाली होती, जोडीदार मिळाला होता, वडिलांचा होकार तेवढा हवा होता. शेठनी विचार सुरू केला. विचार चालू असताना जोडीदाराने दुसरा भागीदार शोधला, त्या जागेत दुसऱ्याच कोणाचे दुकान उभे राहिले, आणि एका सकाळी मुलगा बायकोला व मुलीला घेऊन सुरतेच्या गाडीसाठी निघाला. निघताना ओसरीत थांबून तो म्हणाला, "अण्णा, नही सांगं ऱ्हातं तरी चालतं." नाही म्हटले असते तरी चालले असते! यावर काय उत्तर द्यावे याचा शेठ विचार करत राहिले, आणि गाडी सुटली.

तेव्हापासून बापलेकांत बोलणे नव्हते. भांडण झाले असते, तर मी ते मिटवले असते. मला त्याची सवय आहे. परंतु येथे भांडण नव्हतेच. एक उत्तर प्रलंबित होते, आणि ते देण्यास जो सक्षम होता तो दोन्हीकडून पाहत होता.

अशा घरात, दसऱ्यानंतर काही दिवसांनी, सुरतेहून नातीचा फोन आला. शेठ फोन कानाला लावत नसत, समोर धरून ओरडत. त्यामुळे मी जिन्यावर होतो तरी मला सर्व ऐकू आले, आणि जे सर्वांना ऐकू येते ते चोरून ऐकणे ठरत नाही.

"आबा, तो गेम नाही का, मी गेल्या दिवाळीत दाखवलेला? बेटावरचा? त्यात तीन जणांची टीम लागते. मी आहे, पप्पा आहेत. तिसरे तुम्ही या ने!" शेवटचा 'ने' सुरतेचा.

"पप्पा आहेत" या दोन शब्दांवर शेठचा ओरडा एकदम खाली आला, हे मला वरूनही कळले.

"मी काय खेळू, बेटा? मन्हा डोळा..."

"काही नाही, मी शिकवते. आबा, मजा येते, खरंच. आणि हे बघा, ती जागा मी कोणाला देणार नाही. तुम्ही येईपर्यंत मी आणि पप्पा दोघंच खेळणार."

"इचार करीसन सांगस," शेठ म्हणाले.

वरच्या पायरीवर मी कपाळाला हात लावला.

खेळ असा होता: एक बेट, बेटावर एक गढी, आणि तिघा-तिघांच्या तुकड्या. कोणी सुरतेतून, कोणी नागपुरातून, कोणी कुठल्या तरी परदेशातून, सारे एकाच वेळी आपापल्या फोनवर. एकमेकांशी बोलतही असत. जी तुकडी शेवटपर्यंत गढी राखील ती जिंकणार. दहा वर्षांची मुलगी जे एका वाक्यात समजावू शकली, त्यावर शेठनी मिरचीचा अख्खा हंगाम घालवला.

त्यांच्याकडे नमुन्याचा माल जोखायचा एक लहानसा पितळी तराजू होता. तो त्यांनी ओसरीतल्या आकड्याला टांगला. उजवे पारडे 'खेळावे' या पक्षाचे, डावे 'खेळू नये' या पक्षाचे. आणि वजन म्हणून काय घ्यावे? या प्रश्नावर मात्र त्यांनी आश्चर्यकारक वेगाने निर्णय घेतला. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळत घालण्याच्या मैदानांवर, तेव्हा ओल्या लाल मिरचीचा माल उतरत होता. तेथून मूठभर मिरच्या ते घेऊन आले. एक मुद्दा, एक मिरची. पहिली मिरची त्यांनी उजव्या पारड्यात ठेवली आणि मला म्हणाले, "पोर बोलावी ऱ्हायनी, हाऊ पहिला मुद्दा."

तो दिवस आशादायक होता.

त्यानंतर चौकशी सुरू झाली. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले की अंगठा सुजू शकतो. डाव्या पारड्यात मिरची. स्टेशनच्या रस्त्यावर मोबाइलचे दुकान चालवणाऱ्या चाचांना विचारले, तर चाचांनी गल्ल्यावरून मान वर केली. "फोन गरम होगा शेठ, और क्या होगा? अनजान लोग गाली देंगे, तो तुम बहरे बन जाना." डाव्या पारड्यात दोन मिरच्या. दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग चाचा इतर गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "शेठ, एक बात बताओ. तुमको गेम खेलना है, के गेम से निकाह पढ़वाना है?" हा मुद्दा कोणत्या पक्षाचा हे न ठरल्याने मिरची खिशातच राहिली.

नवापूरला त्यांचे एक परिचित कोंबड्या पाळतात. त्यांचा भाचा अशाच एका खेळाच्या नादी लागला होता, असे कळताच शेठ बसने नवापूरला गेले आणि प्रत्यक्ष साक्ष घेऊन आले. भाचा खेळत बसला, कोंबड्यांचे पाणी संपले ते त्याला समजले नाही, आणि पाखरे दगावली. ही साक्ष त्यांना इतकी वजनदार वाटली की तिच्यासाठी त्यांनी लांब, जाड, देठासकट मिरची निवडली. शेठकडे एकही कोंबडी नव्हती. हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. "आज नही शे," ते म्हणाले.

माझाही अभिप्राय मागितला गेला. मी खेळाच्या अटी व शर्ती मुळापासून वाचल्या. त्या वाचणारा या जिल्ह्यात मी एकटाच असेन. त्यांत खेळणाऱ्याने सर्व काही मान्य केले आहे असे गृहीत धरलेले असून चालवणाऱ्यांनी काहीही मान्य केलेले नाही. मी तसा सविस्तर लेखी अभिप्राय दिला, आणि अखेरीस लिहिले की हे सर्व असूनही, नातीचा आग्रह पाहता, शेठनी खेळण्यास हरकत नसावी. शेठनी सबंध अभिप्राय ऐकून घेतला, डाव्या पारड्यात मिरची टाकली आणि हात झटकले.

"आणि शेवटचे वाक्य?" मी विचारले.

"ते कायद्यानं नही शे, भाऊसाहेब. ते तुम्ही मनानं लिखेल शे."

आता मूळ घोटाळ्याकडे येतो. ओली मिरची सुकते आणि सुकली की तिचे वजन जाते, हे नंदुरबारात कोणालाही सांगावे लागत नाही. शेठनी तर हयातभर याच तुटीवरून उठणारी भांडणे मिटवली होती. तोच माणूस आपल्या आयुष्याचा प्रश्न ओल्या मिरच्यांनी जोखत होता! आदल्या आठवड्यातला मुद्दा आज निम्म्या वजनाचा होई, आणि आज सकाळी सुचलेली क्षुल्लक शंका, केवळ ओली असल्याने, त्याला उचलून धरी. काटा रोज हलत होता आणि नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने झुकत होता. मी हे पाहिले, आणि मला गप्प बसता येत नाही.

"शेठ, तुमचे जुने मुद्दे सुकत आहेत."

"सुकनारच ना. मालले तूट ऱ्हास."

"मिरचीला तूट असते. मुद्द्याला नसते."

"मुद्दाले बी ऱ्हास, भाऊसाहेब. आठ दिन जुना मुद्दा ताजासारखा झोंबस का?"

मी निरुत्तर झालो नाही. मी होत नाही. परंतु ते तेवढ्यात आत निघून गेले.

त्यातही न्याय समान असता, तर मी कदाचित सोडून दिले असते. समान नव्हता. डाव्या पारड्यातल्या मिरच्या शेठ रोज सकाळी बदलत. "हरकत ताजी जोयजे," असे त्यांचे म्हणणे. उजव्या पारड्यातल्या मिरच्या मात्र ते अडत्याच्या डोळ्याने निवडत. वेळ बरा जाईल, हा मुद्दा रंग उडालेला निघाला, काढून टाकला. मेंदूला चालना मिळेल, हा किडका निघाला, तोही गेला. असे करत करत उजव्या पारड्यात एकटी पहिल्या दिवसाची मिरची उरली. ती आता काळपट, सुरकुतलेली, हातात घेतली तर खुळखुळणारी झाली होती. पोर बोलावते आहे.

आणि आणखी एक गोष्ट. अंगठ्याची मिरची होती, फोन गरम होण्याची होती, दुसऱ्याच्या कोंबड्यांचीही होती. ज्या मुलाशी त्या खेळात पहिल्यांदा बोलावे लागणार होते, त्याच्या नावाची मिरची मी कधी पाहिली नाही. ना उजवीकडे, ना डावीकडे. बाकी सारा बाजार ती एक मिरची तराजूवर येऊ नये म्हणून मांडलेला होता, असे माझे मत आहे, आणि ते मी आजही मागे घेत नाही.

थंडी वाढली. एके दिवशी मी दोरी धरून खाली उतरत असताना वहिनी पायथ्याशी उभ्या होत्या.

"भाऊ, ती पोर अजून जागा धरीसन बठेल शे."

"अजून?"

"दोन जण तिघास्संगे लढतस नि रोज हारतस. तिना बाप सांगस, दुसरा कोनले तरी ले. ती सांगस, नही, आबा येतीन." वहिनींनी पदराने उगीचच खांब पुसला. "आते तिन्या मैत्रिनी बी तिले हसतस. आज फोनवर म्हने, आजी, आबास्ले खरंच यानं शे का? मी काय सांगू?"

मला राग येतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या दिवशी आला तसा क्वचितच आला असेल. जिन्याला कठडा नाही, त्यात पडलो तर मी पडेन. मी प्रौढ आहे, मला पत्रव्यवहार करता येतो. पण एक लहान मुलगी रोज हरते आहे, ती केवळ यासाठी, की एका वृद्धाने तिच्या शेजारची जागा स्वतः घेतलेली नाही आणि सोडलेलीही नाही! मी वर गेलो आणि रीतसर नोटीस लिहिली. उक्त तुकडीतील तिसरी जागा आपण वापर न करता अडवून ठेवलेली आहे. सदर नोटीस मिळाल्यापासून वाजवी मुदतीत आपण ती जागा ग्रहण करावी, अन्यथा बिनशर्त रिकामी करून तसे नातीस स्पष्ट शब्दांत कळवावे. 'स्पष्ट' या शब्दाखाली मी रेघ ओढली. नंतर जिना उतरून ती समक्ष बजावली.

शेठनी ती वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली.

"भाऊसाहेब, भाडोत्री घरमालकले जागा खाली करानी नोटीस देस का?"

"देतो. घर नव्हे, तिसरी जागा."

"तुम्हना काय संबंध?"

"मुलगी कायद्याने अज्ञान आहे, अल्पवयीन. मी तिच्यातर्फे वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने दावा चालवणारा."

"तिनी तुम्हले सांगं का?"

"अज्ञान आहे, म्हणूनच तिने सांगावे लागत नाही. शेठ, नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणा. निदान या वेळी म्हणा."

'या वेळी' हे शब्द त्यांना लागले. मी ते लागावेत म्हणूनच उच्चारले होते. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली. मग नोटीस घडी करून ते तराजूपाशी गेले. भाडेकरू रागावला आहे, म्हणून खेळावे. भाडेकरू सांगतो म्हणून खेळलो तर उद्या कठडाही मागेल, म्हणून खेळू नये. त्यांनी दोन्ही पारड्यांत एकेक मिरची टाकली. दुसऱ्या सकाळी उजवीकडची पुन्हा उचलून पाहिली आणि फटकी, म्हणजे रंग उडालेली, म्हणून फेकली. मी निवृत्त आहे, मला रक्तदाब आहे, आणि मी तेव्हा काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही.

वाजवी मुदत संपली. मी दुसऱ्या नोटिशीचा मसुदा करत होतो, तोच वहिनींनी निरोप पाठवला की कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी केली आहे, जेवायला या. शेठ न्हाव्याकडे गेले होते. मिशी ठेवावी की काढावी, हा विषय तेथे निघाल्यामुळे ते लवकर येणार नव्हते. मी ओसरीत वर्तमानपत्र घेऊन बसलो. वहिनी ताट हातात घेऊन आतून आल्या, तराजूपाशी थांबल्या आणि डाव्या पारड्यातल्या साऱ्या ताज्या, ओल्या, लालबुंद मिरच्या त्यांनी ताटात ओतून घेतल्या. मग उजव्या पारड्याकडे पाहिले. तेथल्या वाळलेल्या मिरचीला त्यांनी बोट लावले आणि ती तशीच राहू दिली. त्या एकट्या मिरचीने पारडे खाली आले. पितळेचा बारीकसा आवाज झाला.

"वहिनी, हा पुरावा आहे," मी म्हणालो.

"हाऊ ठेचा शे, भाऊ," असे म्हणून त्या आत गेल्या, आणि थोड्याच वेळात सारे अंगण खोकू लागले.

शेठ आले. मिशी होती तशीच होती. तराजूकडे पाहून ते दारातच थबकले.

"मन्ह्या मिरच्या कथ्या गयात?"

"ठेचामा," आतून उत्तर आले.

"त्या हरकती होत्यात!"

"पाट्यावर वाटी टाक्यात."

"मंग ही सुकेल काबर ठेवी?"

"सुकेलना ओला ठेचा व्हस का? एवढा मोठा अडत्या नि माले इचारस!"

शेठ तराजूपुढे उभे राहिले. वहिनींनी हे जाणून केले की नाही, याबद्दल मी कोठेही साक्ष देणार नाही. एवढेच सांगतो की बाजारात शेठचा एक नियम होता: काट्याने दाखवले त्यावर वाद नाही. भाव, माल, ओल, यांवर ते दोन्ही बाजूंचे वाटेल तितके ऐकत, पण काट्याशी जो हुज्जत घाली त्याला ते दुकानाबाहेर काढत. आता काटा उजवीकडे होता. डावे पारडे वर, रिकामे, किंचित हलत होते.

"काटा खोटं बोलत नही," ते अखेर म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मग त्यांनी आपल्या सर्व हरकती भाकरीबरोबर खाल्ल्या. अंगठा, फोन, नवापूरची पाखरे, अटी व शर्ती, माझी नोटीस, सारे एका घासात. त्यांना उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आले. पाणी मिरचीचे आहे, असे ते म्हणाले. मी ते ऐकून घेतले. मान्य केले नाही.

त्याच संध्याकाळी वहिनींनी फोन लावून दिला. पलीकडे नातीने जी किंकाळी फोडली, ती ऐकून रस्त्यावरचा कुत्रा उठून उभा राहिला. "पप्पा! आबा आले! पप्पा, लवकर या ने!" खेळ सुरू झाला. मी शेठच्या खांद्यावरून पाहत होतो. बेटावर उतरताच वाट दुभंगली होती, आणि शेठचा सैनिक, अपेक्षेप्रमाणे, दुभंगाच्या नेमक्या मध्यावर उभा राहिला. त्यांचा खरा अंगठाही हवेत थांबला. नात सूचना देत होती. मुलाचा, इतका वेळ, श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि मग एकदम: "अण्णा, मांगे देखा! मांगे!"

गाडी सुटल्यापासून मुलाने बापाशी बोललेले हे पहिले वाक्य. शेठनी ते इतक्या गांभीर्याने घेतले की ते खुर्चीवर संपूर्ण वळले आणि मागच्या भिंतीकडे पाहू लागले. भिंतीवर दिनदर्शिका होती. तोवर बेटावरचा त्यांचा सैनिक आडवा झालेला होता.

"मांगे भिंत शे, भो," शेठ फोनला म्हणाले.

मग पलीकडून मुलगा हसू लागला. लहान मुलाला आवरत नाही तसे हसू. "खेळमा, अण्णा! खेळमा मांगे!" नात हसत होती, वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेठ मात्र अजून भिंतीकडे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहायचे टाळले, आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन विचारले, "आखो एक डाव?"

त्या संध्याकाळी ते सगळे डाव हरले. "पहिले दोन जण हारेत," वहिनी ताटे उचलताना म्हणाल्या, "आते तीन जण हारतस."

होळीनंतर शेठ आणि वहिनी सुरतेला गेले. नातीजवळ बसून नीट शिकून घ्यायचे, एवढ्यासाठी, थोड्या दिवसांकरिता. ते परत आलेले नाहीत. ओसरी बंद आहे, तराजूचा आकडा रिकामा आहे. मुलाने मसाल्याचे दुकान घेतल्याचे, आणि त्याच्या पाटीचा रंग अजून ठरत नसल्याचे कानावर आले आहे. घराची किल्ली माझ्यापाशी आहे, आणि जिना जसाच्या तसा आहे.

म्हणून मी गेल्या महिन्यात सुरतेच्या पत्त्यावर नव्याने पत्र लिहिले. विषय: जिन्यास कठडा बसविणेबाबत. उत्तर लेखी यावे, अशी स्पष्ट विनंती केली होती. आला तो फोनवर एक बोलका निरोप. त्यात शेठ म्हणतात, "भाऊसाहेब, कठडाना बारामा मी..." आणि तेवढ्यात मागे तोफ उडते. नात ओरडते, "आबा, उजवीकडे नाहीतर डावीकडे, पण पळा ने!" मुलगा ओरडतो, "अण्णा, उजवीकडे! उजवीकडे!" आणि त्या सगळ्या कल्लोळात शेठचा मऊ, संथ आवाज: "थांबा रे. दोन्हीकडनं देखनं पडस." मग स्फोट. मग तिघांचे हसणे, आणि ते संपण्याच्या आत निरोप संपतो.

कठड्याविषयी त्यात निर्णय नाही. तथापि तो निरोप मी पुरावा म्हणून जपून ठेवला आहे. पुरावा अधूनमधून तपासून पाहावा लागतो. तसा मी तो तपासतो, बहुधा संध्याकाळी, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, एका हाताने दोरी धरून.